जुन्या रेसिंग सायकलची किंमत: स्टिकर नव्हे, धातू बघा

सत्तरच्या दशकातली इटालियन रेसिंग सायकल विकायला आली की नजर आधी नावावर जाते: कोल्नागो, बियांकी, चिनेल्ली. पण नावाचे स्टिकर आजही नवे छापून मिळतात. धातूवरच्या खुणा बदलणं तितकं सोपं नाही. म्हणून किंमत ठरवताना साक्ष धातूची घ्यावी. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कांपान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्ड मालिकेतल्या मागच्या डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) त्या काळात ‘पेटंट’ शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असत. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, २७.२ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर फ्रेमची नळी पातळ आणि हलकी असण्याची शक्यता बळावते. पुढचा फोर्क आणि मागचं चाक जिथे बसतं ते ड्रॉपआउटही तपासा, कारण अपघातात वाकलेली फ्रेम रंगाखाली सहज लपते.

यावर कुणी म्हणेल, शर्यतीच्या सायकलचे भाग बदलले जाणारच, मग वर्षं जुळवत कशाला बसायचं? आक्षेप रास्त आहे. १९७४च्या फ्रेमवर १९७८चा डिरेलर दिसला तर मी त्याला खोट मानणार नाही. ती वापराची खूण आहे. पण फ्रेमपेक्षा सगळेच भाग नवे असतील, तर ‘अस्सल’ म्हणून वाढीव पैसे का द्यावेत? आणि अस्सलपणापेक्षाही मोठा प्रश्न सुरक्षिततेचा. जुन्या रेकॉर्ड क्रँकला पेडलचा दांडा आणि दातेरी चकत्या धरणारा स्पायडर जुळतात तिथे बारीक तडे जातात. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी नळीत गंजून घट्ट बसतो. सौदा पक्का करण्याआधी तो मालकासमोर हलवून पाहाच.