मोज्यांवरून मोजलेली कंबर

‘मला कुठल्याही खुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं.’ शून्य गुण. ‘माझ्या आवडत्या खुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं.’ एक गुण. तासाभरानं उठावंच लागत असेल तर दोन, अर्ध्या तासानं तीन, दहा मिनिटांत चार, बसवतच नसेल तर पाच.

त्या ‘आवडत्या’ शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. घरातली एकच खुर्ची सोसते, बाकीच्या नकोशा होतात, तिथे कंबरेची कुरकुर सुरू झालेली असते. हे एमआरआयच्या यंत्राला कुठून कळणार?

इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सीमेलगत, ऑस्वेस्ट्री नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या अस्थिरुग्णालयात १९७६ साली जॉन ओब्रायन यांच्या पुढाकारानं कंबरदुखीच्या रुग्णांशी बोलायला सुरुवात झाली. काय करता येत नाही, एवढंच विचारायचं. त्यातून घडलेली प्रश्नावली जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली; खुर्चीची ती वाक्यं तिच्यातलीच. वेदना, आंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं, प्रवास. दहा विभाग, कमाल ५० गुण. बेरीज दुप्पट केली की टक्के!

एमआरआय असताना हे कशाला? कारण चित्र आणि दुखणं यांचं जुळतंच असं नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या.

मोजा मात्र खरं सांगतो. कंबरदुखीचीच दुसरी एक प्रश्नावली म्हणजे रोलंड आणि मॉरिस यांची १९८३ ची यादी. तिच्यात २४ वाक्यं आहेत; आज जे लागू असेल त्यावर खूण करायची. त्यातलं एक वाक्य मोजे घालताना होणाऱ्या त्रासाचं आहे. पलंगाच्या कडेला बसून बघा: गुडघा वर घ्यायचा, कंबरेतून वाकायचं, बोटं पावलापर्यंत न्यायची आणि तोल सांभाळायचा. कंबरेची सगळी परीक्षा त्या वीतभर कापडात! दुखण्यामुळे माणसांवर जास्त चिडचिड होते का, हेही ती यादी विचारते. घरच्यांना ते आधीच ठाऊक असतं.

ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली मराठीतही आहे. ती विश्वासार्ह आहे का, हे तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण बसण्याचा प्रश्न खुर्चीचाच. आपल्याकडे कंबर खरी बोलते ती पंगतीतून उठताना. मला त्या कागदावर आणखी एक वाक्य हवंय: ‘मांडी मोडून उठताना मला भिंतीला हात लावावा लागतो.’