मोबाइलचा पैसा आणि गरिबाचा आधार

डिजिटल सोयींमुळे गरिबी हटते काय? आमच्या कापड बाजारात हा सवाल वरचेवर निघतो. आम्ही केनियाचा दाखला देतो. तेथे मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाली. बँकेत खाते नसले तरी साध्या मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. नाक्यावरचा दुकानदार एजंट म्हणून रोकड देतो-घेतो. तवनीत सूरी व विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. आजारपण आले, पीक बुडाले, तरी दूरच्या नातलगांची मदत लगेच पोहोचते. घरखर्चाला कात्री लागत नाही. जेथे एजंट जवळ, तेथे फायदा जास्त. म्हणून कारागीर बंधूंनी नवी सोय घेताना आधी पाहावे : अडीनडीला रोकड हातात देणारा भरवशाचा माणूस जवळ आहे काय?