रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यानंतरचा हृदयस्नायू : कार्य आणि प्राणवायूचा विनियोग

प्रस्तावना :
विश्रांतीच्या अवस्थेतही हृदयस्नायू त्याला मिळणाऱ्या रक्तातील सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे गरज वाढल्यास हृद्-रोहिण्यांतील रक्तप्रवाह वाढविणे, हाच प्रमुख मार्ग उरतो. हा प्रवाह खंडित झाला की सुमारे एका मिनिटाच्या आत त्या भागाचे आकुंचन थांबते. पेशी मात्र लगेच मृत होत नाहीत. श्वानांवरील प्रयोगांत सुमारे २० मिनिटांच्या आत प्रवाह पूर्ववत केल्यास त्या जिवंत राहतात, असे आढळले आहे.

तथापि जिवंत राहणे आणि कार्य करणे या भिन्न बाबी होत. १५ मिनिटांच्या अडथळ्यानंतर रक्त पुन्हा वाहू लागले तरी आकुंचनशक्ती कित्येक तास क्षीण राहते, हे हेंड्रिक्स व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. ब्राउनवॉल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये या अवस्थेला ‘स्तब्ध हृदयस्नायू’ अशा अर्थाचे नाव दिले.

प्राणवायू जातो कोठे?
काम घटले तर प्राणवायूचा वापरही त्याच प्रमाणात घटावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अनेक प्रयोगांत तो जवळजवळ पूर्वीइतकाच आढळला. फुटक्या मोटेला जुंपलेल्या बैलांचे कष्ट तेवढेच असतात, थारोळ्यात पाणी तेवढे कमी पडते. तसाच हा प्रकार म्हणावा लागेल. प्रत्येक ठोक्यागणिक पेशीत कॅल्शियम सोडणे व ते पुन्हा साठ्यात ओढून घेणे यासाठी ऊर्जा खर्ची पडते. स्तब्ध स्नायूतील आकुंचनशील तंतूंची कॅल्शियमविषयीची संवेदनशीलता घटलेली असते. त्यामुळे खर्च चालू राहतो, बल मात्र कमी निर्माण होते. रक्त परतताच पहिल्या काही मिनिटांत निर्माण होणारी मुक्त मूलके आणि पेशीत शिरणारे अतिरिक्त कॅल्शियम ही या बिघाडाची प्रमुख कारणे मानली जातात. असा स्नायू डोब्युटामिनसारख्या औषधाला प्रतिसाद देतो. मृत स्नायू देत नाही. निदानाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे.

हृदय प्रत्यारोपणात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. आज दात्याचे हृदय पोटॅशियमयुक्त शीत द्रावणाने थांबवितात. केवळ ठोके थांबविल्यानेच प्राणवायूची गरज सुमारे ९० टक्क्यांनी घटते. तरीही बर्फात ठेवलेल्या हृदयासाठी सुमारे ४ तासांची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. नाशिक ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर आहे. म्हणजे यातील मोठा वाटा प्रवासातच जातो.

प्रत्यारोपण दूरच, नेहमीच्या हृदयविकारातही याचा प्रत्यय येतो. पेठ वा सुरगाणा तालुक्यातून नाशिकला आणलेल्या रुग्णाची रोहिणी वेळीच मोकळी केली, तरी पहिल्या दिवसाच्या सोनोग्राफीत हृदय दुबळे दिसू शकते. त्यावरून नातेवाइकांना कायमचे भाकीत सांगणे घाईचे ठरते. प्रतिबंधक उपाय म्हणून विद्युत्-धक्का देणारे यंत्र बसविण्याचा निर्णयही झटक्यानंतर किमान ४० दिवस लांबणीवर टाकतात, तो स्तब्ध स्नायूला सावरण्यास अवधी मिळावा म्हणूनही.