पाळ, पाणी आणि पाखरं

कोलू पाटील कोहळी यांनी 18व्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बुजवल्या आणि गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध उभा राहिला. तलावाचा विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर. बांधणाऱ्याला लोकांनी कोलासूर म्हणून देवपण दिलं. पाणी अडवलं ते धानासाठी. पाखरं मागून आली.

1975 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांच्या लेखणीतून हे रान मराठी घराघरांत पोहोचलं. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांतून बांध ओळखणाऱ्या वाचकाने आता त्याच्या काठाकडे नीट पाहायला हवं.

तलावाचा जीव काठाच्या उथळ पट्ट्यात असतो. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू उतरतं तसा हा पट्टा आत सरकत जातो. खोल पाण्यात बुडी मारणारी लालसरी, पाणवेलींवर चालणारा कमळपक्षी, ओल्या चिखलात किडे टिपणारी तुतवार असे एकाच काठावर अनेकांचे संसार चालतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब उघड्या काठावरचं कोवळं गवत चरतात. पाण्याखालच्या वनस्पतींत मरळ, शिंगी, मागूर यांची पिल्लं वाढतात. त्या वनस्पती गेल्या की मासा जातो, आणि माशामागून पाखरू.

असं घडलंही. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या काळातले, तलाव सहा हजारांहून अधिक. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पाळ कुणी बांधायची, पाणी सोडायचा तुडूम कुणी उघडायचा, गाळ कुणी काढायचा, हे गावाने ठरवण्याची रीत मोडली. उथळ काठावर बेशरम नावाची वनस्पती माजली. मासेमारीत रोहू, कटलाचं बीज आलं; पाणवनस्पती खाणारा गवत्या मासाही सोडला गेला. स्थानिक मासे घटले आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची मिळकत आटली.

यावर उपाय सापडला तो नवेगावच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातली जाणती माणसं यांनी मिळून लहान तलावांतली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे त्या माणसांना आधीपासून ठाऊक होतं.

इथल्या माणसांशिवाय पाखरं वाचत नाहीत, हे सारसाकडे पाहिलं की अधिकच पटतं. महाराष्ट्रातले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यात उरलेत. ते घरटं करतात तलावाच्या काठी किंवा धानाच्या बांधीत, म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर. कीटकनाशक आणि विजेच्या तारा त्यांच्या जिवावर उठतात. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाचा आदेश जिल्हा प्रशासनाला हलवू शकतो. घरट्याभोवतीचं धान उभं ठेवायचं की कापायचं, हे मात्र शेतकरीच ठरवतो.

म्हणून बांध वाचवायचा तर उद्यानाच्या सीमेबाहेरचे लहान तलाव आणि बांध्या आधी वाचवाव्या लागतील. तलावाच्या आराखड्याला बसताना वनखातं, पाटबंधारे विभाग आणि मत्स्य विभाग यांच्या शेजारी ढिवर आणि धान उत्पादक शेतकरी हक्काने बसले पाहिजेत. नवेगावला जाणाऱ्या वाचकाने पाखरांबरोबर त्यांच्याशीही बोलावं.