नाशिकला दोन दिवस येताय? मग अंबडच्या माणसाचं ऐका, नुसतं त्र्यंबक आणि वाईन करून परत जाऊ नका

नाशिकमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा तरी हा मेसेज येतोच. "शनिवार-रविवार येतोय, काय बघू?"

आणि उत्तरही ठरलेलं असतं. सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी द्राक्षाचा मळा, संध्याकाळी रामकुंडावर एक फोटो, येताजाता मिसळ, की झालं नाशिक. पाहुणा खूश होऊन जातो आणि शहर मात्र बघायचं राहून जातं.

अंबड म्हणजे एमआयडीसी. इथं कुणी फिरायला येत नाही, इथं लोक शिफ्टला येतात. पण याच अंबडमधून निघून दोन दिवसांत नाशिक कसं बघायचं, ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा

रेल्वेने आलात तर उतराल नाशिकरोडला. हे शहराचं मधलं ठिकाण नाही. तिथून जुनं नाशिक साधारण आठ-दहा किलोमीटर आहे. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा, नाहीतर सिटीलिंकची बस धरा. २०२१ पासून ही शहर बस सुरू आहे आणि खिशाला परवडते.

पहिली सकाळ: पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी लेणी

अंबडहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की दहा-पंधरा मिनिटांत डोंगराचा पायथा येतो. खाली दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक आहे. वर २४ लेणी आहेत.

नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली. उन्हाच्या आधी चढा आणि दोन लेणी काहीही झालं तरी सोडू नका.

पहिलं, लेणं क्रमांक १०. हे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दान केलं. त्याने इथं जो शिलालेख कोरून घेतला, तो वाचला तर एमआयडीसीतला अकाउंटंटसुद्धा हसेल. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण बाजूला काढले आणि ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. २,००० कार्षापणांवर महिन्याला एक टक्का व्याज, उरलेल्या १,००० वर पाऊण टक्का. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशोब करा. २,००० वर महिन्याला एक टक्का म्हणजे २०, वर्षाला २४०. लेखात लिहिलंय की पावसाळ्यात इथं राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी, प्रत्येकी १२ द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. आजच्या भाषेत ही एफडीच झाली.

दुसरं, लेणं क्रमांक ३. नहपानाच्या घराण्याचा पराभव केला तो गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याची आई गौतमी बलश्री हिने या लेण्यात मुलाचा पराक्रम कोरून ठेवलाय. म्हणजे हरलेला आणि जिंकलेला, दोघांचेही लेख एकाच डोंगरात, चालत दोन मिनिटांच्या अंतरावर.

बाहेर कठड्याशी उभं राहिलात की खाली अंबडचे पत्र्याचे शेड दिसतात. तिथंही कारागीरच राबतायत.

दुपार: सिडकोत जेवा

नाशिक म्हणजे फक्त मिसळ नाही. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत काम करायला खान्देशातून हजारो कुटुंबं आली आणि सिडकोत स्थिरावली. त्यामुळे पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या भागात कानावर अहिराणी पडते आणि ताटात शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी येते. झणझणीत असतं, ताक सोबत घ्या.

पहिली संध्याकाळ: गोदाघाट

रामकुंडाजवळ आधी शोधायचा तो दुतोंड्या मारुती. घाटावर उभी असलेली ही दोन तोंडांची मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूरमोजणी. पावसाळ्यात कुणी क्युसेक विचारत नाही. "पाणी मारुतीच्या कुठवर आलं?" एवढंच विचारतात. गुडघा, कंबर, छाती असा अंदाज घेतला जातो. २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदावरीने या घाटाचं काय केलं ते इथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

जवळच नारोशंकराचं मंदिर आहे. त्याच्यावरची मोठी घंटा पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यानंतर आणलेली, असं सांगतात.

मग पंचवटीत वर चढून काळाराम मंदिरात जा. काळ्या दगडाचं हे मंदिर अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी बांधलं. पण ते नुसतं पेशवाईतलं बांधकाम म्हणून बघू नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथंच सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला. जवळपास पाच वर्षं लढा चालला, दार मात्र उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आज त्या दारातून तुम्ही सहज आत जाता. जाताना एक क्षण थांबा, एवढंच सांगणं.

दुसरी सकाळ: मिसळ आणि जुनं नाशिक

रविवारची मिसळ हा इथला रिवाज आहे. अंबिका, श्यामसुंदर, भगवंतराव, साधना, प्रत्येकाचं मत वेगळं आणि त्यावरून भांडणंही होतात. तुम्ही कुठंही खा, पण काळ्या मसाल्याची मागा आणि पापड रश्शात बुडवून खा. नंतर मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा, आणि घरी न्यायला कोंडाजी चिवडा.

मग गाडी लावून जुन्या नाशिकच्या गल्ल्या पायी फिरा. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनि चौक. या चौकांत तुमच्या पायाखाली पेशवेकालीन रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उडी मारतात. त्याला म्हणतात धप्पा. म्हणून नाशिक धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग खेळतं. एकदा त्या दिवशी या.

आणि वाईन?

बघा की. सुलाने इथं १९९७ मध्ये द्राक्षं लावली आणि पुढे नाशिकची ओळखच बदलली. जानेवारी ते मार्च हा द्राक्ष तोडणीचा काळ, तेव्हा मळे बघण्यात मजा आहे. फक्त पिऊन गाडी चालवू नका, रिक्षा किंवा टॅक्सी करा.

कधी यावं?

पावसाळ्यात नाशिक सगळ्यात सुंदर असतं आणि सगळ्यात धोक्याचंही. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूच्या ओढ्या-धबधब्यांत पाणी अचानक वाढतं. स्थानिक माणूस "आत जाऊ नका" म्हणाला की ऐकायचं.

दुसरं म्हणजे सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, असं वेळापत्रक जाहीर झालंय. स्नानाच्या दिवसांत गर्दी बघायची असेल तर तेव्हा या. शहर बघायचं असेल तर ते दिवस सोडून या.

कारण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. त्याच्यासाठी रस्ते होतात, घाट होतात. पण मधल्या अकरा वर्षांत लेण्यांतला लेख वाचणारा, रहाडीबद्दल विचारणारा, गोदाघाटावर प्लास्टिक न टाकणारा पाहुणा आला, तरच इथल्या जुन्या गोष्टी टिकवायला कुणीतरी पैसे आणि वेळ खर्च करेल. लोक बघायलाच आले नाहीत, तर त्या जपायच्या कशाला, असा प्रश्न उद्या कुणीही विचारू शकतं.

म्हणून पुढच्या वेळी मेसेज करताना "काय बघू?" विचारलंत, तर पहिलं उत्तर ठरलेलं: सकाळी सातला पाथर्डी फाट्यावर भेटा.