परक्या घरातली मुलं

मुलं कशी वाढवावीत हे सांगणारी पुस्तकं पिढी बदलली की शिळी होतात. 1886 साली इंग्लंडात निघालेलं ‘होम एज्युकेशन’ मात्र अजून वाचलं जातं. मुलांना घरीच शिकवणारी कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं त्याबरहुकूम आपला दिवस आखतात. आणि ते लिहिणाऱ्या शार्लट मेसन यांनी लग्नच केलं नव्हतं. मूलबाळ नाही, आणि त्या विशीत पोचण्याआधीच आई-वडीलही गेलेले. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आगाऊपणाच वाटेल. रडणारं पोर खांद्यावर घेऊन जिनं रात्रभर येरझारा घातल्या नाहीत, तिनं आयांना काय शिकवावं?

पण त्यांचं आयुष्य आणि त्यांचं लेखन शेजारी ठेवून पाहिलं, की घरात मूल नसणं हीच या बाईची मोठी जमेची बाजू ठरली असं वाटू लागतं.

1842 साली जन्मलेल्या मेसनबाई ऐन तारुण्यात लंडनच्या ‘होम अँड कलोनियल’ संस्थेत शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सीची पद्धत होती: आधी वस्तू मुलाच्या हाती द्या, मग तिच्याबद्दल बोला. पुढे समुद्रकाठच्या वर्दिंग गावात चर्चच्या शाळेत त्यांनी दहाएक वर्षं शिकवलं. धडे होत होते, पण त्यांचं मन भरत नव्हतं.

त्या दिवसांत एका मैत्रिणीकडे त्यांचं जाणं-येणं असे. त्या घरातली मुलं हिंदुस्थानातून आलेली होती. इथली हवा आणि रोगराई यांच्या धास्तीनं गोरे अधिकारी पोरांना लहानपणीच विलायतेला धाडत. ही तशीच आजोबांकडे आलेली, आणि मैत्रीण त्यांना सांभाळत होती. एकदा त्यांतली पाच वर्षांची मुलगी फिरून आली ती गप्प, उदास. खूप विचारल्यावर हुंदक्यांतून कळलं ते एवढंच, की वाटेत एक गरीब माणूस दिसला. त्याला घर नाही, खायला नाही, झोपायला अंथरूण नाही.

कुठल्याही घरात घडेल अशी गोष्ट. आईनं डोळे पुसले असते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विसरूनही गेली असती. मेसनबाई विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीला लिहिलेल्या, 1925 साली त्यांच्या पश्चात निघालेल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आणि पुढे सांगितलं, की घराघरांत असं घडतही असेल, मला मात्र ते नवं होतं. मला त्यांच्या सगळ्या लेखनात ही कबुली सर्वांत मोलाची वाटते. कळवळा, समज, कल्पनाशक्ती या गोष्टी मोठ्यांनी बाहेरून भरायच्या नसतात, मूल त्या घेऊनच येतं, हे त्यांना तिथे दिसलं. मूल पुढे कधीतरी माणूस होणार असं नाही, ते जन्मापासूनच पुरतं माणूस आहे. त्यांची शिक्षणावरची सहाही पुस्तकं या एका विश्वासावर उभी आहेत.

हा विश्वास घेऊन त्या शुभवर्तमानांकडे वळल्या. येशूच्या मुलांविषयीच्या बोलांतून त्यांनी तीन मनाया वेचल्या: मुलाला अडखळवू नका, तुच्छ लेखू नका, अडवू नका. गंमत अशी, की तिन्ही मनाया मोठ्यांना आहेत. आणि त्या वाटतात तितक्या मवाळ नाहीत. लाडापायी ‘नाही’ न म्हणणारी आईसुद्धा, मेसनबाईंच्या मते, मुलाला अडखळवतेच.

पण हट्टी मुलाचं करायचं काय? इथे त्यांच्या हाती एकदम शरीरशास्त्र येतं. डॉ. विल्यम कार्पेंटर यांनी 1874 च्या ग्रंथात मांडलं होतं, की पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियेनं मेंदूची घडणच बदलते. मेसनबाईंनी ते थेट स्वयंपाकघरापर्यंत आणलं. दार लावायला विसरणारा त्यांचा जॉनी पाहा. आईनं रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही. फक्त ‘आठवण करून देईन’ म्हटलं होतं तशी हसतमुखानं द्यायची. काही काळ सगळं छान चालतं. मग एक दिवस आईला दया येते, ‘जाऊ दे, आज खेळायच्या घाईत आहे’, आणि सगळं मुसळ केरात! वर्गात वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाईच हे लिहू शकते.

ब्रॅडफर्डला राहत असताना चर्चच्या कामाला पैसे हवे होते. देणगीऐवजी त्यांनी बायकांसाठी व्याख्यानं देऊ केली, आणि त्या व्याख्यानांचंच पुढे ‘होम एज्युकेशन’ झालं. त्याआधी त्यांनी इंग्लंडच्या परगण्यांवर आणि भूगोलावर पुस्तकं लिहिली होती. म्हणूनच की काय, चांगल्या हवेत मुलांनी रोज चार ते सहा तास बाहेर असावं असा त्यांचा आग्रह. (घरात दाई आणि स्वयंपाकीण असेल तर ठीक, एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईला हे वाचून हसू येईल.)

फ्लॉरेन्समधल्या एका चित्रानं मेसनबाईंना काय दिलं, ती कथा आणखी वेगळी. सांता मारिया नोव्हेला चर्चच्या स्पॅनिश चॅपेलमध्ये चौदाव्या शतकातलं एक मोठं भित्तिचित्र आहे. मध्ये संत थॉमस अक्वायनस, खाली विद्यांच्या स्त्रीरूप मूर्ती, आणि त्यांच्या पायाशी त्या त्या विद्येचे पुरुष: भूमितीखाली युक्लिड, वक्तृत्वाखाली सिसेरो. या दोघांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी वरून उतरणारा पवित्र आत्मा त्या सगळ्यांवर आहे. मेसनबाईंना यातून उमगलं, की गणित आणि व्याकरणही देवाकडूनच येतं. बायबलचा तास तेवढा पवित्र आणि बाकीचे ऐहिक, अशी वाटणीच खोटी. आईनं बेरीज शिकवतानाही गुरू तोच. विसाव्या शतकाच्या उंबऱ्यावर एका धार्मिक बाईनं एवढं धाडस करावं!

पुढे अँबलसाइड या गावी मेसनबाईंनी शिक्षिका घडवल्या आणि टपालानं अभ्यासक्रम पाठवले. उताऱ्याचं वाचन एकदाच, मग मुलानं तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा; आठ वर्षांखालच्यांचा धडा वीस मिनिटांपलीकडे नाही. सगळं खात्यापित्या घरांसाठी, असं वाटावं. पण 1914 साली यॉर्कशरमधल्या ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावातल्या सरकारी शाळेत हीच पद्धत सुरू झाली, आणि ज्यांच्या घरी पुस्तकं क्वचितच असत ती पोरं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगू लागली. तेव्हा मेसनबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या.