तेरचं कापड, रोमची तूट

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आज संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत मात्र ते ‘तगर’ आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई.

उलट दिशेने इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी येत. तेवढ्याने हिशेब मिटेना, मग रोमन व्यापाऱ्यांना सोन्याचांदीची नाणी मोजावी लागत. हीच व्यापारी तूट! भारत दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, असं रोमन लेखक थोरला प्लिनी कुरकुरला. आकडा फुगवलेला असेलही. श्रीमंतांच्या उधळपट्टीवर त्याचा राग होताच.

या व्यापाराचा माग मूर्तींतही दिसतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती 1938 साली इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात सापडली.